भरतीची वेळ कोणत्या घड्याळाची?

रत्नागिरीतल्या या सभेत सॉफ्टवेअर शिकणारी मुलं आहेत आणि मासेमारीच्या बोटी असलेल्या घरांतली माणसंही आहेत, म्हणून उदाहरण इथल्या पाण्याचंच घेतो. भाट्ये खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. बोट आत घ्यायची तर भरती बघावी लागते. समजा, तुम्ही एक एआय एजंट तयार केलात. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, मोबाइलवर विचारायचं आणि एजंटाने भरती, लाटा, वारा यांची माहिती काढून उत्तर द्यायचं.

ही माहिती एजंटाच्या पोटात नसते. तो ती टूल्सकडून, म्हणजे माहिती काढून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडून, मागवतो. टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कशी भरायची याचा तक्ता, एवढंच मॉडेलला, म्हणजे एजंटाच्या आत भाषा समजून निर्णय घेणाऱ्या एआयला, दिसतं. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला टूल्सशी जोडण्याची एक ठरावीक पद्धत, खुला केला, त्यातही टूलची ओळख अशीच करून दिली जाते. आतला कोड कितीही चोख असला तरी निवड होते ती या वर्णनावरून. आणि तरीही हे वर्णन बहुतेक ठिकाणी सगळ्यांत शेवटी, घाईत लिहिलं जातं. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता बघा. एका टूलचं वर्णन आहे ‘भरती-ओहोटीच्या वेळा देते’. लिहिणाऱ्याला हे पुरेसं वाटतं, वाचणाऱ्यालाही खटकत नाही. पण वेळ कोणती? टूल जागतिक प्रमाणवेळ देत असेल आणि वर्णनात तसं लिहिलेलं नसेल, तर ‘००:४०’ हा आकडा एजंट भारतीय वेळ म्हणून सांगून टाकेल. खरी भरती सकाळी ६:१० ला. फरक साडेपाच तासांचा. आपल्या किनाऱ्यावर भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. म्हणजे एजंटाने सांगितलेल्या वेळेला खाडीच्या तोंडाशी जवळपास पूर्ण ओहोटी असेल. उत्तर उलटंच झालं, आणि कुठेही एररचा संदेश आला नाही.

लाटांचंही तसंच. अंदाजात जी उंची येते ती बहुधा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. वर्णनात हे नसेल तर एजंट बिनधास्त सांगेल, ‘लाटा दोन मीटरच्या वर जाणार नाहीत.’

म्हणून माझं म्हणणं असं की वर्णन चांगलं आहे की नाही, हे ते वाचून ठरत नाही. एजंटाला प्रश्न देऊन, त्याने कोणतं टूल उचललं, त्यात काय भरलं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावला, हे तीन टप्पे वेगवेगळे तपासावे लागतात. नुसतं शेवटचं उत्तर बरोबर आलं यावर जाऊ नका, ते योगायोगानेही येतं. मॉडेल तेच ठेवा, प्रश्न तेच ठेवा, फक्त वर्णन बदला. प्रत्येक प्रश्न अनेकदा चालवा, कारण तेच मॉडेल दर वेळी तेच करील असं नाही. टूल एकटं तपासू नका. भरतीचं टूल एकटं असताना चुकत नाही. शेजारी ‘समुद्राची उंची’ नावाचं लाटांचं टूल ठेवलं की गोंधळ दिसायला लागतो. आणि काही प्रश्न बाजूला काढून ठेवा, वर्णन सुधारताना त्यांच्याकडे बघायचं नाही. नाहीतर वर्णन त्या प्रश्नांपुरतंच सुधारेल.

जिथे टूल वापरायचंच नाही, असेही प्रश्न हवेत. मॉडेल्स टूल्स किती नीट वापरतात याची क्रमवारी लावणाऱ्या, बर्कली विद्यापीठाच्या फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डमध्ये ही कसोटी आहे. आपल्याकडे तिचं रूप सोपं आहे. ‘१५ जूनला ट्रॉलर बाहेर काढू का?’ वारा शांत असेल, तर हवामानाचं टूल घेऊन बसलेला एजंट हो म्हणेल. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ‘मासेमारीला परवानगी आहे की नाही हे या टूलमधून कळत नाही’ हे एक वाक्य वर्णनात असलं पाहिजे. टूल काय करत नाही, हे लिहायला माणसं कचरतात. मला तीच ओळ सगळ्यांत मोलाची वाटते.

याचा अर्थ पानभर लिहा असा नाही. वर्णनं प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातात, त्यांचा खर्च दर वेळी पडतो आणि लांबण लावली की मुद्द्याची ओळ हरवते. वाढवलेलं प्रत्येक वाक्य काढून पाहा. निकाल बदलला नाही तर ते ठेवू नका.

राहिले तपासणीचे प्रश्न. ते प्रोग्रामरने लिहू नयेत. तो ‘भरतीची वेळ सांगा’ असंच लिहिणार, म्हणजे वर्णनातलेच शब्द पुन्हा. राजिवड्याचा तांडेल विचारेल, ‘पहाटे आत शिरायला पाणी गावेल काय?’ यात ना भरती आहे, ना तारीख. असे प्रश्न मिरकरवाड्याच्या जेटीवर आणि राजिवड्यात बसून एका वहीत गोळा करा. भरतीच्या प्रत्येक प्रश्नापुढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातून खरी वेळ लिहा आणि मग तुमचं वर्णन त्या वहीपुढे उभं करा. मुलांनो, ती वही या बंदीच्या काळातच भरायला घ्या, तांडेल तेव्हा घरी असतात.