टर्रर्र… सेकंदाला ४० वेळा

अल्झायमर या स्मृती जाणाऱ्या आजारावर ज्याचे प्रयोग चाललेत, तो आवाज आधी ऐका. हेडफोन असतील तर लावा, नसतील तर फोनचा स्पीकर पण चालेल.

(आवाज – दहा सेकंद)

रातकिडा कानाशी येऊन बसल्यासारखं वाटलं ना? पण हा सलग आवाज नाहीये. स्क्रीनवर जी उभी रेघ दिसतेय ती एक टिक, फक्त १ मिलिसेकंदाची, मग २४ मिलिसेकंद शांतता, मग परत टिक, अशा सेकंदाला ४०. यूट्यूबवर ४० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४० वेळा) म्हणून तासतासभर घूंऽऽ करणारे जे व्हिडिओ पडलेत त्यातले बरेचसे म्हणजे नुसता खर्जातला सूर, त्याची आणि याची गल्लत करू नका. इथे प्रत्येक टिकचा सूर चांगला उंच आहे, १० किलोहर्ट्झ, चाळीसचा आकडा आहे तो ठेक्याचा.

आता ही टोपी बघा. डोक्यावर जेल लावून एकेक इलेक्ट्रोड बसवायचा, याला वेळ लागतो, म्हणून शॉट थोडा पळवलाय. खालच्या रेघा म्हणजे मेंदूतली वीज. आवाज बंद असताना नुसता गिचमिड, आणि आता आवाज सुरू केला… दिसलं? आकडेमोड करून तेवढी एकच फ्रिक्वेन्सी वेगळी काढली की ४० वर असा सुळका उभा राहतो, म्हणजे कानात जो ठेका पडतोय तोच मेंदू धरतोय. ही गोष्ट काही नवीन नाही, मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट गलाम्बोस यांनी १९८१ मध्येच दाखवली होती आणि पुढे ऐकू येतं की नाही हे तपासायला ती वापरलीही गेली. पण अल्झायमरशी तिची गाठ घालायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ती घातली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ ली-हुई त्साय यांच्या टीमने. लक्ष देताना, काही आठवताना मेंदूत गॅमा लहरी, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या आसपास ठेका धरणाऱ्या विजेच्या लहरी, उठतात आणि अल्झायमरमध्ये त्या मंदावतात, मग बाहेरून ठेका दिला तर? २०१६ मध्ये त्यांनी उंदरांवर लुकलुकता प्रकाश वापरला, २०१९ मध्ये आवाज. हे उंदीर साधे नाहीत, माणसात अल्झायमर आणणारे जनुकीय बदल त्यांच्यात घातलेले असतात. रोज एक तास, सात दिवस, हीच टर्रर्र.

आणि हे मायक्रोस्कोपखाली. हे ठिपके म्हणजे अमायलॉइडच्या, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या, गाठी. भोवती फांद्या पसरलेल्या पेशी दिसतायत त्या मायक्रोग्लिया, मेंदूतले सफाई कामगार म्हणा. आवाज ऐकलेल्या उंदरांमध्ये या पेशी फुगल्या, फांद्या आखडल्या आणि गाठींना घेरून बसल्या, रक्तवाहिन्याही रुंदावल्या. गाठी कमी झाल्या त्या नुसत्या ऐकण्याच्या भागातच नाही, हिप्पोकॅम्पसमध्ये पण, म्हणजे जिथे आठवणी घडतात तिथे! पाण्याच्या टाकीतला लपवलेला ओटा शोधायच्या परीक्षेतही हे उंदीर सरस ठरले. चाळीसच्या जागी ८ किंवा ८० चा ठेका देऊन बघितला, गाठींना काही फरक पडला नाही. मला विचाराल तर सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे.

२०२४ मध्ये त्याच टीमने आणखी एक दुवा जोडला. मेंदूभोवतीचं पाणी आत झिरपून घाण वाहून नेतं, आणि आवाज-प्रकाश एकत्र दिले की हे वाहणं वाढतं, तेही उंदरातच.

माणसांचं म्हणाल तर २०२२ मध्ये सौम्य अल्झायमर असलेल्या १५ जणांवर एक छोटी चाचणी झाली, तीन महिने, आवाज आणि प्रकाश दोन्ही, आणि खरा ठेका मिळालेल्यांमध्ये हिप्पोकॅम्पस कमी आक्रसला. १५ माणसं म्हणजे फारच थोडी, कबूल. न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ बुझाकी यांच्या लॅबला २०२३ मध्ये लुकलुकत्या प्रकाशाने उंदरातल्या गाठी कमी झालेल्या दिसल्याच नाहीत, तो वाद अजून चालू आहे.

हा शेवटचा शॉट उपकरणाचा. चष्मा आणि हेडफोन, घरी बसून रोज एक तास. अमायलॉइडवरची नवी औषधं सहसा शिरेतून घ्यावी लागतात, मेंदूला सूज येतेय का हे बघायला परत परत एमआरआय, त्यापुढे हे किती सोपं! कॉग्निटो कंपनीने यासाठी होप नावाची चाचणी घेतलीय, सहाशेच्या वर पेशंट, वर्षभर, काहींना खरा ठेका तर काहींना नुसता दिखाव्याचा. हा व्हिडिओ करेपर्यंत तरी हे उपकरण दुकानात मिळत नाही, कोणी विकायला आलाच तर आधी डॉक्टरांना विचारा आणि चालू गोळ्या बंद करू नका.