रात्री नऊच्या आधीचे भ्रूण

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा एक पुंजका]

टाचणीच्या टोकावर सहज मावेल एवढा हा भ्रूण. वय पाच दिवस, पेशी शे-दीडशे. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पुंजका चिकटलेला असतो. तो काढून घेतला की भ्रूण संपतो. पेशी मात्र बशीत वाढत राहतात, वर्षानुवर्षं. त्यांच्यापासून हृदयाचा स्नायू घडू शकतो, मेंदूतली पेशी घडू शकते, इन्सुलिन तयार करणारी पेशीही. 1998 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातून अशा मूलपेशी पहिल्यांदा वेगळ्या काढून वाढवल्या. एका भ्रूणापासून निघालेल्या पेशींच्या अशा वंशाला प्रयोगशाळेत ‘लाइन’ म्हणतात. या गोष्टीत हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे.

[पडद्यावर: टेक्सास, माळरान, एक रँच]

9 ऑगस्ट 2001. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे धाकटे बुश, क्रॉफर्डच्या आपल्या रँचवर होते. दोनच आठवड्यांपूर्वी ते इटलीत पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटून आले होते आणि पोपनी भ्रूणांवरच्या संशोधनाला आपला विरोध तोंडावर सांगितला होता. दुसरीकडे गर्भपाताचे कट्टर विरोधक असलेले त्यांच्याच पक्षाचे सिनेटर ऑरिन हॅच सांगत होते, की या संशोधनाला पैसा द्या. त्या रात्री बुश टीव्हीवर आले आणि या एकाच विषयावर अकरा मिनिटं बोलले.

त्यांनी तोडगा काढला तो असा. ज्या भ्रूणांचा जीव आधीच गेला आहे, त्यांच्यापासून निघालेल्या लाइन्सवर संशोधन करा, केंद्र सरकार पैसा देईल. यापुढे नवा भ्रूण मोडलात, तर त्या लाइनसाठी केंद्राचा एक डॉलरही मिळणार नाही.

आता ‘आधी’ म्हणजे नेमकं कधी? सरकारी नियमात ती वेळ लिहून ठेवली होती: 9 ऑगस्ट, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात रात्रीचे 9. म्हणजे पावणेनऊला मोडलेला भ्रूण चालेल, सव्वानऊचा चालणार नाही. नैतिकतेची रेघ इतकी मिनिटाच्या काट्यावर ओढलेली क्वचितच बघायला मिळते.

[पडद्यावर: पहाटेची मुंबई, लोकलचा आवाज]

मुंबईत तेव्हा 10 तारखेचे सकाळचे साडेसहा वाजले होते. दारात दुधाच्या पिशव्या पडायची वेळ. आणि या वेळेशी मुंबईचा खरोखरच संबंध होता.

27 ऑगस्टला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं या नियमात बसणाऱ्या लाइन्सची यादी जाहीर केली. जगभरातल्या 10 ठिकाणच्या मिळून 64 लाइन्स. सगळ्यात जास्त, 19, स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाकडे. त्याच यादीत बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, 3 लाइन्स. आणि मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस, 7 लाइन्स. थॉमसन यांच्या विस्कॉन्सिनच्या नावावर होत्या 5. म्हणजे निदान कागदावर तरी मुंबई विस्कॉन्सिनच्या पुढे होती.

कागदावर. कारण यादीत नाव असणं वेगळं आणि पेशींची कुपी हातात पडणं वेगळं. काही लाइन्स अजून अर्ध्या कच्च्या होत्या, काही बशीत तगल्याच नाहीत, काही कायद्याच्या आणि मालकीच्या कटकटीत अडकल्या. शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष वापरता आल्या त्या 21च्या आसपास. त्यात मुंबईची एकही नाही, बंगळूरचीही नाही. शिवाय या जुन्या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या. त्या माणसाच्या शरीरात घालायच्या म्हटलं तर उंदराकडून काही संसर्ग येईल का, हा प्रश्न उभाच.

इथे बुश यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी ‘बंदी घातली’ असं सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. खासगी पैशानं हे संशोधन करायला कुणाचीही आडकाठी नव्हती, आणि केंद्राचा पैसा या कामाला पहिल्यांदा मिळाला तो त्यांच्याच काळात. पण अडचण रोजच्या कामात होती. एकाच प्रयोगशाळेत सरकारी पैशाचा सूक्ष्मदर्शक आणि खासगी पैशाची नवी लाइन, यांची गाठ पडून चालणार नव्हती. मग दोन फ्रिज, दोन इन्क्युबेटर, दोन हिशेबवह्या. कुठे कुठे तर कशाला हात लावायचा हे कळावं म्हणून उपकरणांवर रंगीत टिकल्या! हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी 2004 मध्ये खासगी पैशातून 17 नव्या लाइन्स काढून दाखवल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट 3 अब्ज डॉलर मंजूर केले.

[पडद्यावर: व्हाइट हाउस, ईस्ट रूम]

18 जुलै 2006. प्रतिनिधिगृहानं आदल्या वर्षीच मंजूर केलेलं विधेयक सिनेटनंही 63 विरुद्ध 37 मतांनी मंजूर केलं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत उरलेले आणि आई-वडिलांनी स्वखुशीनं दिलेले जे भ्रूण, त्यांच्यापासून काढलेल्या लाइन्सवरच्या संशोधनालाही केंद्राचा पैसा द्या, एवढंच त्यात होतं. पाठिंबा देणाऱ्यांत सिनेटमधले रिपब्लिकन नेते बिल फ्रिस्टही होते. ते पेशानं हृदयशल्यविशारद.

दुसऱ्याच दिवशी बुश यांनी व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, वापरून ते अडवलं. साडेपाच वर्षांच्या कारकिर्दीतला त्यांचा हा पहिलाच व्हेटो. ईस्ट रूममध्ये तेव्हा लहान मुलं होती, काही कडेवर, काही चुळबुळत उभी. गोठवून ठेवलेले भ्रूण दुसऱ्या जोडप्यांनी दत्तक घेतले आणि त्यातून ही मुलं जन्मली. त्यांच्याकडे बघत बुश म्हणाले, ही मुलं-मुली म्हणजे सुटे भाग नव्हेत.

दृश्य प्रभावी होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच देशातल्या शीतकोठ्यांत तेव्हा अंदाजे चार लाख गोठवलेले भ्रूण होते. त्यांतले नको असलेले टाकून दिले जात, आणि ते थांबवणारा कायदा बुश यांनी कधी मागितला नाही. टाकून द्यायला हरकत नाही, अभ्यासाला मात्र आहे. ही गाठ त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. जून 2007 मध्ये जवळजवळ तसंच विधेयक पुन्हा आलं, पुन्हा व्हेटो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानचे शिन्या यामानाका आणि अमेरिकेत थॉमसन, दोघांनीही माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशी वळवून भ्रूणपेशींसारख्या करून दाखवल्या. बुश यांचे समर्थक म्हणाले, बघा, वाट निघालीच ना! स्वतः थॉमसन मात्र म्हणत होते, की भ्रूणपेशींवर काम झालं म्हणून इथवर पोचता आलं.

[पडद्यावर: पुन्हा तीच ईस्ट रूम]

9 मार्च 2009. त्याच दालनात बराक ओबामांनी सही केली आणि रात्री नऊची अट गेली. नव्या नियमांत प्रश्न बदलला: भ्रूण देणाऱ्या जोडप्याची लेखी संमती घेतली होती का? जुन्या लाइन्सनाही त्यातून सूट नव्हती. बुश यांच्या काळात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या लाइन्सपैकी एक, विस्कॉन्सिनची एच-9. तिची संमतीची कागदपत्रं पुन्हा तपासली गेली आणि एप्रिल 2010 मध्ये ती नव्या यादीत आली.