वायतुऱ्याचे डबके आणि आपला माळ

शिक्षक, विद्यार्थी आणि शेतकरी बंधु-भगिनींनो,

२०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला येऊन पाण्यातल्या वनस्पतीवर बोलणे हे धाडसच म्हणायचे. तरीही वायतुऱ्याची गोष्ट मी मुद्दाम इथे सांगतो आहे. अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात अभ्यासकांनी त्याचे वर्णन केले. सह्याद्रीच्या उत्तर भागातील मोजके सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारे, सोडले तर तो जगात कोठेही उगवत नाही आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद धोक्यातील वनस्पती म्हणून आहे.

कासच्या पठारावर जांभ्याच्या उथळ खळग्यांत पावसाचे पाणी साचते. तळाशी थोडीशी माती असते, तिच्यात वायतुऱ्याचा कंद उन्हाळाभर पडून राहतो. पाऊस लागला की लांबट पाने येतात आणि मागोमाग पाण्याबाहेर दोन फाट्यांचा तुरा डोकावतो. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. त्यामुळे एखाद्या डबक्यात झाडे भरपूर दिसली तरी ती सगळी नरच असतील, तर तिथे बी धरण्याचा प्रश्नच येत नाही. नुसती झाडे मोजून समाधान मानणारी पाहणी इथे फसते. पावसाळा सरला की पाणी आटते, पाने कुजतात, कंद तेवढा उरतो.

हे आटणेच त्याच्या जगण्याचा आधार आहे. डबके खोल करून त्यात बारमाही पाणी राहू दिले, तर पाणकणीस आणि लव्हाळ्यासारख्या दांडग्या वनस्पती तिथे बस्तान बसवतात आणि अशा लहान झाडाला जागा उरत नाही. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी पाझर तलावांवर खडी फोडली, त्यांच्यापुढे मी पाणी अडवण्याला विरोध करणार नाही. पण चार महिने ओल धरून नंतर कोरडे पडणारे प्रत्येक डबके वाया गेले असे समजून तिथे जेसीबी लावायचा, ही घाई मला पटत नाही, विशेषतः जिथे खोदून पाणी थोडेच वाढणार असते.

रक्षणही विचार करूनच करावे लागते. २०१२ साली कासचा समावेश जागतिक वारशात झाला, पर्यटकांची रीघ लागली आणि फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला कुंपण घातले गेले. कुंपणाने गुरांची चराईही थांबली. मग उंच गवत माजून बुटक्या फुलझाडांना ते जाचते, अशी तक्रार सुरू झाली आणि पुढे कुंपण काढावे लागले. गुराख्याला हे आधी विचारले असते, तर त्याने सांगितले असते! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ वनस्पती जपण्याचे मोलाचे काम चालते, पण बागेत ठेवलेला कंद हा केवळ विमा आहे. मूळ खळगा गेला तर तो परत लावायचा कोठे?

आता आपल्या माळाकडे या. वायतुरा इथे नाही; पण उदगीरच्या बाजूला जांभा आहे, पावसाळी डबकी आहेत, आणि त्यांत काय काय उगवते याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या २०१७च्या नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव धरलेले नाहीत, त्यामुळे एखादे नैसर्गिक डबके खोदून तलाव केला, की पुढे त्याला त्या नियमांचा आधार मिळणे अवघड होते. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. खोलीकरणाचे काम आराखड्यात घेण्याआधी त्या वहीत प्रत्येक डबक्याला एक पान द्यावे: ते कोणत्या महिन्यात भरते, कोणत्या महिन्यात आटते, त्यात काय फुलते आणि गुरे तिथे कधी उतरतात. विद्यार्थ्यांनी ऑगस्टमध्ये एकदा आणि डबके कोरडे पडल्यावर पुन्हा एकदा जावे, आणि सोबत गावातला एक गुराखी न्यावा.