किडनी बसली, आता गावाने काय करायचं?

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीच्या काठावर एक वाडी आहे. तिथलं एक जोडपं, दोघंही तिशीच्या आसपासची, गणपतीच्या आधी मुंबईहून घरी येतंय. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास मशीनवर, वर एसटीचा प्रवास वेगळा. शेवटी बायकोने आपली एक किडनी त्याला दिली. नावं मी घेणार नाही, फोटोही दाखवणार नाही. आजारी माणसाचा चेहरा दाखवल्याशिवाय मदत येत नाही, हे मला मान्य नाही.

ऑपरेशनच्या वेळी गाव उभं राहिलं. वाडीने वर्गणी काढली, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने चाकरमान्यांकडून पैसे जमवले, पोरं परळला जाऊन रक्त देऊन आली. मन भरून आलं बघून. पण आता जो तो म्हणतोय, "सुटला बिचारा एकदाचा." मंडळी, तो सुटलेला नाही. ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले काही महिने सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमकी तेव्हाच मदत आटते. त्यासाठीच आज बोलायला बसलोय.

आधी आत काय चाललंय ते समजून घेऊ. आपल्या गावाच्या वेशीला राखणदार असतो ना, तसाच शरीरातही एक असतो. परकं काही आत आलं की तो त्याच्यावर तुटून पडतो. बायकोची किडनी त्याला परकीच. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधं देऊन त्या राखणदाराला गुंगीत ठेवावं लागतं. किडनी वाचते, पण मग बाकीचे जंतूही सहज आत शिरतात. तुम्हाला जो ताप दोन दिवसांत उतरतो, तोच ताप त्याला पुन्हा हॉस्पिटलात नेऊ शकतो. ही औषधं कोर्स संपला म्हणून बंद होत नाहीत. किडनी चालते आहे तोवर ती रोज घ्यायची, ठरल्या वेळेला.

आता भेटायला जाण्याचं. आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर माणुसकी सोडली, असं आपल्याकडे मानतात. मीही त्याच संस्कारात वाढलोय. तरी हात जोडून सांगतो, ह्या गणपतीला त्यांच्या घरी झुंडीने जाऊ नका. आरतीला घर भरवू नका. सर्दी-खोकला असेल तर खळ्यात, म्हणजे अंगणातसुद्धा नको, लांबूनच फोन करा. डॉक्टरांनी भेटायला परवानगी दिली असेल तर एक-दोघांनी जा, हात धुवा, मास्क लावा, आणि लवकर उठा.

आणि जाताना काय न्यायचं नाही ते ऐका, कारण इथे प्रेमापोटीच घात होतो. पपनस अजिबात नको. गणपतीच्या दिवसांत घरोघरी असतं, पण पपनसाने टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते किडनीलाच त्रास देतं. शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण त्यात पोटॅशियम भरपूर आणि ह्या औषधाने पोटॅशियम आधीच वाढू शकतं. गुळवेलीचा काढा नको. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून कोणीतरी प्रेमाने उकळून आणेल, पण इथे ती वाढवायची नाहीच आहे. माशांना डॉक्टरांची ना नसेल तर चालतात, पण पूर्ण शिजलेले. कालवं, तिसऱ्या असले शिंपले नुसते वाफेवर काढलेले नकोत. पाणी उकळलेलंच. पावसात विहिरींचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तिच्याबद्दल. तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही, आणि मला त्याचा राग येतो. गावाच्या लेखी पेशंट तो एकटा. अहो, ऑपरेशन तिचंही झालंय! एक निरोगी बाई स्वतःहून टेबलावर झोपली. निदान सहा आठवडे तिने जड उचलायचं नाही, आणि कोकणातल्या घरात जड नसलेलं काम दाखवा मला. विहिरीचं पाणी, गॅसची टाकी, चुलीची लाकडं, गोठा. एरवी नवरा आजारी पडला तर बायको बघते, बायको पडली तर नवरा निदान प्रयत्न करतो. इथे दोघंही एकाच वेळी अंथरुणाला होती, आणि घरी आहे ती फक्त गुडघे दुखणारी सासू.

"तिच्यावर जबरदस्ती झाली असेल," असं कुजबुजणाऱ्यांसाठी थोडा कायदा. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको जवळच्या नातेवाइकांत मोडतात. विवाहाचा पुरावा, दोघांच्या मुलाखती, लेखी संमती, सगळं तपासूनच परवानगी मिळते. दाता बाई असेल तर नियम आणखी कडक: तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती पेशंटशिवाय दुसऱ्या कोणीतरी पक्की करावी लागते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तेव्हा हा नियम हवाच. पण हिने विचार करून दिली आहे. तिचा मान ठेवा. आणि "गोड बातमी कधी?" हे तर विचारूच नका. ते ती, तो आणि डॉक्टर ठरवतील.

पैशांचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी साडेचार लाखांपर्यंतची मर्यादा आहे. धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, अर्ज, झेरॉक्स. हे धावायला माणूस लागतो, आणि कागदपत्रांत हुशार असलेली पोरं आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. ऑपरेशननंतरच्या औषधांपैकी योजनेतून काय मिळतं आणि किती महिने, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, लिहून घ्यायचं, ऐकीव माहितीवर राहायचं नाही.

बाकीचं आपण उचलायचं. चाकरमान्यांनो, एकदम हजार देऊन मोकळे होऊ नका. महिन्याला शंभर द्या, पण वर्षभर द्या. साठ घरांनी दिले तर महिन्याचे सहा हजार होतात, आणि औषध चुकत नाही. हिशेब मंडळाच्या वहीत, दर महिन्याला सगळ्यांना दिसेल असा. तपासणीला मुंबईला जावं लागेल. ट्रान्सप्लांट किंवा डायलिसिससाठी जाणाऱ्या किडनीच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, तिचा डॉक्टरी दाखला आधीच घेऊन ठेवा. उतरायला चाळीतली भरलेली खोली चालणार नाही. कोणाकडे स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास असेल तर तपासणीच्या दोन दिवसांपुरती द्या.

सगळ्यात घाईचं शेवटी सांगतोय. त्याला ताप आला, लघवी कमी झाली, पायावर सूज आली, नव्या किडनीच्या जागी, म्हणजे ओटीपोटात एका बाजूला, दुखायला लागलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. गावातली पेनकिलर द्यायची नाही, ती किडनीला मारते. तिलाही देऊ नका. आधी हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन, मग गाडी. 108 आहेच, पण अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरलं की काय होतं ते आपण पाहिलंय. म्हणून गाडी असलेल्या चार घरांनी रात्रीच्या पाळ्या लावून घ्या, आणि पूर असताना कुठल्या रस्त्याने रत्नागिरी गाठायची ते आत्ताच ठरवा.

वाडीच्या ग्रुपवर यादी टाकली आहे. पाणी भरायला दोन घरं तयार झाली. गोठ्याचं एका आत्येने घेतलंय. गाडीच्या पाळ्यांत दोनच नावं आलीत, अजून दोन हवीत. दाखल्यांसाठी राजापूरला जाणारा कोणी नाही. भातकापणीला अजून वेळ आहे, पण त्यांच्या दोन्ही चोंढ्यांची, म्हणजे भातखाचरांची, कापणी कोण करणार तेही आत्ताच लिहून टाका. तो चिखलात उतरू शकत नाही, चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, भीती आहे. नाव लिहिताना कुठलं काम आणि कुठले दिवस, दोन्ही लिहा. रविवारी संध्याकाळी मी यादी बंद करून मंडळाकडे देणार आहे.