घडीच्या सायकलची कुरकुर: माग आणि इलाज

श्रोतेहो, घडीच्या सायकलने कुरकुर सुरू केली की आपला हात तेलाच्या डबीकडे जातो आणि नजर मधल्या बिजागरीकडे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की या दोन्ही गोष्टींत घाई होते. आवाज नेमका कोठून येतो हे कळण्याआधी तेल सोडले, तर तो थोडे दिवस दबतो, त्या तेलावर धूळ बसते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

कुरकुरीचे कारण तसे साधे आहे. एकमेकांवर आवळून बसवलेले दोन पृष्ठभाग भार पडताच क्षणभर चिकटून राहतात, मग एकदम घसरतात आणि पुन्हा चिकटतात. गजाखाली व्हायोलिनची तार वाजते ती याच रीतीने. हे घसरणे इतके सूक्ष्म असते की डोळ्यांना सांधा घट्टच दिसतो. साध्या सायकलीची चौकट एकसंध असते. घडीच्या सायकलीत मात्र चौकटीच्या मधोमध एक बिजागरी, हँडलच्या उंच दांड्याच्या तळाशी दुसरी, शिवाय सीटचा लांबलचक दांडा आणि पुष्कळदा दुमडणारी पायडले असतात, म्हणजे कुरकुरीला जागाच अधिक. त्यात चौकटीच्या पोकळ नळ्या आवाज असा वाहून नेतात की सीटखालची करकर थेट पायडलपाशी ऐकू येते. म्हणून आवाजाची जागा ठरवताना कानावर विसंबू नये; त्याची लय ओळखताना मात्र जरूर विसंबावे.

लय कशी मोजायची ते पाहू. पुढचे चक्र ५२ दात्यांचे आणि मागचे १३ दात्यांचे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक चार फेरे घेते. तेव्हा पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘टक्’ होत असेल, तर पायडल, क्रँक (पायडल ज्याच्या टोकाला असते तो दांडा) किंवा सीट यांच्यावर संशय घ्यावा. त्याच वेळात चारदा होत असेल, तर चाकावर. चेन १०४ कड्यांची असेल तर तिचा एक पूर्ण फेरा पायडलच्या दोन फेऱ्यांत होतो, त्यामुळे एक फेरा सोडून येणारा आवाज बहुधा एखाद्या अडकलेल्या कडीचा असतो. पायडल थांबवून सायकल नुसती घरंगळू दिली आणि तरीही आवाज चालूच राहिला, तर चाक, हब (चाकाचा मधला तुंबा) आणि ब्रेकचे गुटके तपासावेत. सीटवरून उठून पायडल मारताना आवाज बंद झाला, तर शोध सीट आणि तिच्या दांड्यापुरताच उरतो. उभ्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे रेटल्यावर करकर झाली, तर हँडलची बिजागरी किंवा पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बेअरिंग पाहावे.

माझा अनुभव असा की बिजागरीवर जेवढे आरोप होतात त्यांतले बरेचसे सीटच्या दांड्याचे असतात. हा दांडा लांब असल्यामुळे वर बसलेल्या माणसाचे वजन तरफेसारखे काम करते आणि खालच्या पकडीत दांडा किंचित हलत राहतो. रोज वर-खाली सरकवताना आत गेलेली बारीक रेती त्यात भर घालते. दांडा पूर्ण बाहेर काढावा, कोरड्या फडक्याने पुसावा आणि काठीला चिंधी गुंडाळून नळीची आतली बाजूही साफ करावी. येथे ग्रीस चोपडण्याचा मोह आवरावा, कारण जो दांडा रोज सरकवायचा आणि केवळ एका खटक्याने, म्हणजे हाताने मिटवायच्या पकडीने, धरून ठेवायचा, तो ग्रीस लागल्यावर चालता चालता खाली बसू लागतो. आत प्लॅस्टिकची बाही असेल, तर दांडा स्वच्छ आणि कोरडाच हवा. ग्रीस लावायचे ते खटक्याच्या बोल्टच्या आट्यांना. सीटखालच्या दोन सळ्या जेथे आवळलेल्या असतात तो चिमटाही सैल करून, पुसून, पुन्हा आवळावा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते.

आता बिजागरी. ती उघडून दोन्ही तोंडे उजेडात धरली, तर कडेला काळसर राड आणि मध्ये कोठेतरी घासून चकाकणारा ठिपका दिसतो. घर्षण तेथेच होत असते. राड पुसावी, तोंडांवर ग्रीसचा हात फिरवून जवळजवळ सगळे पुन्हा पुसून टाकावे, आणि बिजागरीच्या खिळ्यावर पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. त्यानंतर खटका मिटवून पाहावा. तो दोन बोटांनी सहज मिटत असेल, तर पकड सैल आहे; तळहाताचा ठाम दाब लागायला हवा. ताण वाढवण्याचा स्क्रू पाव-पाव फेराच फिरवावा, कारण अती आवळल्याने खटक्यावर आणि खिळ्यावर नको तेवढा ताण येतो. हँडलच्या बिजागरीलाही हेच लागू.

पायडले काढून आटे पुसून, ग्रीस लावून बसवली की ‘खालचे बेअरिंग (ज्यावर क्रँक फिरतात ते) गेले’ असे निदान झालेल्या कित्येक सायकली गप्प होतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एवढे लक्षात ठेवावे. क्रँकचा बोल्ट त्यानंतर, आणि बेअरिंग उघडणे सर्वांत शेवटी. ब्रेक दाबल्यावरच येणारी किंकाळी हे वेगळे प्रकरण आहे: रिम स्वच्छ करावी, आणि गुटक्याचे पुढचे टोक रिमला आधी टेकेल, मागे सुमारे १ मिलिमीटर फट राहील, असा तो बसवावा. तेथे तेल चुकूनही लागू देऊ नये.

एका वेळी एकच सांधा खोलावा आणि प्रत्येक वेळी थोडे चालवून पाहावे. चार सांधे एकदम आवळले, तर दोषी कोण होता हे कधीच कळत नाही. एवढे सगळे करूनही भार पडताच चौकटीतून आवाज येत राहिला, तर बिजागरीभोवतीची आणि हँडलच्या दांड्याच्या तळाची जोडणी फडक्याने पुसून विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहावी. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती पुसूनही गेली नाही, तर तो धातूला गेलेला तडा असू शकतो. अशी सायकल जाणकाराने तपासेपर्यंत चालवू नये.