अमेरिकेत बारसं काही संपत नाही

नमस्कार मंडळी! हे दोन खोके जरा नीट बघा.

(दोन्ही खोके कॅमेऱ्याजवळ आणतो)

दोन्ही लाल. दोन्हींत पॅनकेकचं पीठ. पॅनकेक म्हणजे आपल्या घावनाचा अमेरिकेत येऊन सुटलेला मावसभाऊ. या जुन्या खोक्यावर 'आंट जेमायमा', नव्यावर 'पर्ल मिलिंग कंपनी'. जुन्याची तारीख कधीच उलटलीय, पण बायको घरात आहे, तो विषय नको.

ही जेमायमा मावशी १८८९ पासूनची. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबणारी आणि राबूनही सदा हसतमुख असणारी काळी बाई, असं ते सोंग. गेली ते बरंच झालं. पण गेली कधी? २०२० च्या मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव गेला. लोक रस्त्यावर उतरले, म्हणाले, पोलिसांना आवरा. जूनमध्ये कंपनीने जाहीर केलं, पिठावरची मावशी काढतो! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फ्लॉइडच्या नावाचं पोलीस सुधारणेचं विधेयक मात्र २०२१ मध्ये खालच्या सभागृहात पास झालं आणि सिनेटमध्ये जे बसलं ते बसलंच.

मला आपली लग्नं आठवतात. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं. माझी आई माहेरची कुसुम, सासरी वसुधा. आजीने हौसेने नाव बदललं, पण तिच्या आमटीला नावं ठेवणं काही सोडलं नाही.

तर आता चला सॅन फ्रान्सिस्कोला. जानेवारी २०२१. कोविडमुळे सरकारी शाळा बंद, पोरं घरात स्क्रीनसमोर पेंगतायत. आणि शाळा मंडळ ठराव करतंय की ४४ शाळांची नावं बदलायची! शाळा उघडेना, पाटी बदलायची घाई. यादीत जॉर्ज वॉशिंग्टन. बरं, समजू शकतो. तो वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. पण यादीत लिंकनसुद्धा! आणि पॉल रिव्हिअर, तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात रातोरात घोडा दामटत 'इंग्रज आले' सांगत सुटलेला. त्याचा गुन्हा काय, तर तो पेनॉब्स्कॉटच्या मोहिमेवर गेला होता. आता ही मोहीम होती ब्रिटिशांच्या किल्ल्यावर. समितीला वाटलं, पेनॉब्स्कॉट आदिवासींच्या जमिनी लुटायला गेला असणार. इतिहासाच्या पेपरात नापास झालेल्यांनी शाळांची नावं तपासली हो! एप्रिलमध्ये ठराव गुंडाळला. पुढच्या वर्षी मंडळातल्या तिघांना मतदारांनीच घरी पाठवलं. तेही आपल्या डाव्या सॅन फ्रान्सिस्कोत.

झालं डाव्यांना हसून? उजव्यांची गंमत याहून भारी आहे.

अमेरिकेत लष्कराचे नऊ तळ असे होते, ज्यांना नावं होती यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सेनानींची. म्हणजे अमेरिकेच्याच सैन्याविरुद्ध लढले, वर हरले, आणि त्यांचीच नावं अमेरिकेच्या छावण्यांना. २०२३ मध्ये ती बदलली. फोर्ट ब्रॅगचा झाला फोर्ट लिबर्टी. तळच नव्हे, सैन्यातली अशी सगळीच नावं पुसायला सव्वासहा कोटी डॉलर लागतील, असा त्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अंदाज होता. पाट्या रंगवणाऱ्याचं कल्याण.

२०२५ मध्ये ट्रम्प सरकार आलं, म्हणालं जुनीच नावं हवीत. अडचण अशी की त्या सेनानींची नावं द्यायला कायद्यानेच बंदी. मग काढली पळवाट. त्याच आडनावाचा दुसरा माणूस शोधा! ब्रॅक्स्टन ब्रॅग चालत नाही? दुसऱ्या महायुद्धातला रोलँड ब्रॅग नावाचा साधा शिपाई घ्या. रॉबर्ट ई. ली चालत नाही? फिट्झ ली घ्या. आणि हा फिट्झ ली कोण, तर शौर्यपदक मिळवलेला काळा सैनिक. गुलामगिरीवाल्यांचा सेनापती लीच्या चाहत्यांना ही भेट!

थांबा, कडी पुढेच आहे. ए. पी. हिल नावाचा एक तळ. ए. पी. हिल नावाचा दुसरा वीर काही सापडेना. मग तिघांना एकत्र बांधलं. अँडरसनचा ए, पिनचा पी, आणि एक हिल. झाला ए. पी. हिल. आमच्या बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो, इथे आख्खी छावणी जुळवून आणली.

मी मात्र हसायच्या लायकीचा नाही. वीस वर्षं इथे कॉफीच्या दुकानात नाव विचारलं की 'सॅम' सांगायचो. सदानंद सांगितलं तर मागची रांग शिव्या घालते. पण आता लोक जागरूक झालेत ना. परवा काउंटरवरच्या पोरीने माझ्या ऑफिसच्या बिल्ल्याकडे पाहिलं, हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "नको, तुमचं खरं नाव सांगा, मला ते आदराने लिहायचंय." मला भरून आलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तिने मान डोलवत, मार्कर काढून लिहिलं.

(कप हळूहळू कॅमेऱ्याकडे फिरवतो)

'सॅड'.