लादलं तर बिऱ्हाड, बसलं तर स्वार

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मघाशी आपण सगळ्यांनी उभं राहून राज्यगीत म्हटलं. त्यात भीमथडीच्या तट्टांचं नाव येतं. आता हात वर करा, हे तट्टू डोळ्यानं कोणी पाहिलंय? दोनच हात. त्यातला एक आमच्या सौभाग्यवतींचा. त्यामागची गोष्ट मोठी आहे.

विषय दिलाय ‘भीमथडी घोड्याचं रूप आणि उगम’. येतो त्यावर. आधी माझं लग्न.

मे महिना, संध्याकाळचा मुहूर्त. वरातीसाठी ठरवलेला पांढरा घोडा बँडच्या पहिल्याच फुंकीला जो उधळला, तो परत काही आला नाही. त्याची इसारही बुडाली, ते असो. सासऱ्यांच्या वावरात, उलंगवाडी झालेल्या पऱ्हाटीत, खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मामा त्या मेंढपाळांच्या वाड्यावरून, म्हणजे मुक्कामावरून, एक कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचं तांबूस-तपकिरी, तट्टू घेऊन आले. पाठीवरची गाठोडी उतरवली, घोंगडी टाकली, त्यावर बाशिंगासकट मी. पाय जमिनीपासून जेमतेम हातभर वर. पोरं फिदीफिदी हसत होती. पण ताशा वाजला, फटाके फुटले, तट्टानं कान हलवला नाही. मनात म्हटलं, काय गुणी जनावर आहे!

मारुतीपाशी पोचलो आणि नेमकी पलीकडच्या पांदणीनं मेंढरं निघाली, दुसऱ्या वावरात मुक्कामाला. तट्टानं मान वर केली आणि चाललं त्यांच्यामागं. पळालं नाही हो, सावकाश! मी लगाम ओढायला जातो तर लगाम कुठला, नुसती दोरी. मागून सासरे, “अबे, जवाई कुठी चालला!” बँडवाले वाजवत वाजवत मागं, पैसे घेतले होते ना. शेवटी वाड्यावरची बाई आडवी आली, नुसतं “हो” म्हणाली, तट्टू थांबलं. मला म्हणते, “रागवू नका पाव्हणं, त्येला वाटलं बिऱ्हाड लादलंय.”

चाळीस वर्षं झाली, आमच्या घरात माझं नाव बिऱ्हाडच आहे.

माझी तक्रार त्या तट्टाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. पोळ्याला गवळाऊ बैलाचं कौतुक करताना आपण थकत नाही. घोड्याला मात्र उंची हवी, रंग पांढरा हवा. ‘भाड्याचं तट्टू’ ही तर आपण शिवीच करून टाकली...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? पाच. बरं.

थडी म्हणजे काठ. भीमेच्या काठचं म्हणून भीमथडी. यालाच दख्खनीही म्हणतात. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर हा त्याचा मुलूख. चौल-दाभोळ बंदरांत अरबी घोडे उतरायचे, त्यांचं रक्त इथल्या काटक तट्टांत मिसळत गेलं. खांद्यापर्यंत साधारण सव्वाचार फूट, आटोपशीर बांधा, मजबूत पाय, टणक खूर. रंग कुमैत, सब्जा म्हणजे करडा, अबलख म्हणजे पांढरे पट्टे असलेला, कसाही. कान बघा: मारवाडी, काठेवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, याची तशी नाहीत. आकार लहान म्हणून चारा कमी लागतो, घाटात पाय ठरतो. मराठ्यांच्या चपळ फौजेला हेच हवं होतं. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. आपल्या नागपूरकर भोसल्यांचे बारगीर 1740 च्या दशकात दख्खनी घोड्यांवरून बंगालपर्यंत गेले. तिकडच्या आया आजही पोरांना ‘बर्गी’ येईल म्हणून झोपवतात. 1818 ला पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, घोड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. सांभाळलं ते धनगरांनी. खाट, भांडी, कोंबड्या, पोत्यातून डोकं काढलेली कोकरं, वर एखादं लेकरू, सगळं त्याच्याच पाठीवर. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तीही या लोकांनी ते टिकवलं म्हणून.

हो, हो, थांबतो. गावाबाहेर गोठाणावर कालपासून वाडा बसलाय, त्यात एक कुमैत घोडी आहे. उद्या सकाळी बिऱ्हाड लादायच्या आत जाऊन बघा. मागून मात्र जाऊ नका.